ठसे उगवेपर्यंत

आमच्या ह्यांच्या बोटांना ठसेच नाहीत हे मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळलं, तेही सरकारी कचेरीत, चारचौघांत.

तिथे एक काच होती, खालून हिरवा उजेड. त्यावर बोट दाबायचं आणि समोरच्या पडद्यावर ठसा उमटायचा. आमच्या पुढच्या बाईंचं काम दोन मिनिटांत उरकलं. ह्यांनी अंगठा ठेवला तर पडद्यावर नुसता करडा डाग. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसून पाहिली, कोरड्याने पुसून पाहिली, शेवटी स्वतः ह्यांचा हात धरून एकेक बोट दाबलं. दहा डाग. मागे रांग खोळंबली होती आणि लोक माझ्याकडेच बघत होते, जणू मीच ह्यांचे ठसे घरी विसरून आले होते. मुलीने विचारलं, काम काय करता? हे म्हणाले, जुन्या लाकडी सामानाला पॉलिश. ती म्हणाली, मग बरोबर आहे, झिजलेत. चोवीस दिवसांनी परत या, तोवर हातांना काही काम देऊ नका, कातडी नवी येते तसे ठसेही येतात.

हातांना काम देऊ नका. हे तिने ज्या माणसाला सांगितलं त्याला ती ओळखत नव्हती.

आम्हाला ठसे का हवे होते ते सांगते. या देशात आम्हाला चौदा वर्षं झाली. आमच्याकडे कायमच्या रहिवासाचं कार्ड आहे. नाव कायमचं, पण सलग वर्षभर देशाबाहेर राहिलात की ते गेलं. मग परत पहिल्यापासून अर्ज आणि वर्षानुवर्षं वाट बघणं. त्याहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी एक प्रवासाचा परवाना काढावा लागतो, तो दोन वर्षं चालतो. त्याच्यासाठी बोटांचे ठसे इथेच, या जमिनीवर उभं राहून द्यायचे. एकदा विमानात बसलात की उपयोग नाही.

आणि ह्यांना जायचं होतं दादांसाठी. दादा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे गेले तेव्हा हे अकरा वर्षांचे होते. दादांनी सुतारकाम करून ह्यांना आणि माझ्या नणंदेला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आमचं लावून दिलं आणि स्वतः तसेच राहिले. लाकडावर हात कसा फिरवायचा हे ह्यांना त्यांनीच शिकवलं. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा ह्यांनी त्यांना सांगितलं होतं, तीनच वर्षं. त्या तीनची चौदा कधी झाली ते आम्हालाही सांगता येणार नाही. मधे जाणं व्हायचं ते सुट्टीपुरतं, पंधरा दिवसांचं.

चार महिन्यांपूर्वी दादांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ताई, म्हणजे नणंद, आपलं घर सोडून त्यांच्याकडे जाऊन राहिल्या. वाचा आता हळूहळू परत येत होती, पण शब्द तुटतात म्हणून दादांना लाज वाटायची आणि ते फोनवर येत नसत. सगळा कारभार ताईंच्या तोंडून. ताईंनी ह्यांना स्पष्ट सांगितलं, माझ्या घरी माझे सासरे आजारी आहेत, आता तू ये. डॉक्टर म्हणतात, वर्ष दीड वर्ष सोबत लागेल. दादांना अजून काही बोललेले नाही, तुझं नक्की झालं की सांगू, उगाच आशा लावायची नाही.

तर ठरलं असं की ह्यांनी दीड वर्षासाठी जायचं. लेकीच्या शाळेची शेवटची दोन वर्षं आहेत आणि माझी नोकरी आहे, म्हणून आम्ही दोघी इथेच. तिकीट काढलं ते ठशांच्या दुसऱ्या तारखेनंतर चार दिवसांचं. आमचे अर्ज भरून देणाऱ्या बाई आहेत, त्यांनी चष्म्यावरून बघत बजावलं, ठसे नाहीत तर परवाना नाही.

मी खोटं कशाला बोलू, मला दादांची काळजी होती, पण तिच्याहून मोठी भीती दुसरी होती. हे जातील आणि त्यांना परत येता येणार नाही. लेकीचं कॉलेज सुरू होईल, मी म्हातारी होईन, आणि नवरा फोनमध्ये दिसेल. या एका भीतीने मी सारखी काहीतरी आवरत सुटायची.

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांच्या हातांचा ताबा घेतला. सकाळ-संध्याकाळ मलम चोळायचं, वर पांढरे सुती हातमोजे. भांडी घासायची नाहीत, साबण नाही, स्पिरिटच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. कारखान्याच्या मालकाने बिचाऱ्याने सुट्टी दिली. हातमोजे घालून हे घरात फिरायला लागले तेव्हा लेक म्हणाली, बाबा, तुम्ही आता जादूचे प्रयोग करणार की वाहतूक थांबवणार? पहिले दोन दिवस सगळे हसलो.

तिसऱ्या दिवसापासून हसू आटलं. ह्यांचे हात शिवशिवायला लागले. दोन खोल्यांचं आमचं घर. दारापासून खिडकीपर्यंत चौदा पावलं होतात हे त्यांनीच मला मोजून सांगितलं. कपाटाचं दार उघडायचं, बिजागरी ऐकायची, लावायचं, पुन्हा उघडायचं. खाली उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं आणि दहा मिनिटांत परत. मी म्हटलं, अहो, जरा बसा. तर म्हणाले, बसूनच तर आहे. आणि हे उभ्याने म्हणाले. शेजारच्यांनी एक खुर्ची टाकून द्यायला जिन्यात काढून ठेवली होती, तिच्यासमोर हे इतका वेळ उभे राहिले की शेजाऱ्यांनी विचारलं, तुमची आहे का? मी हाताला धरून वर आणलं.

घरात येरझाऱ्या घालणारा माणूस असला की दुसऱ्यालाही बसवत नाही. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते; पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. तिथे सुईत दोरा ओवताना माझं चित्त घरी. आता हातमोजे काढले असतील का? आता नळाखाली हात धरले असतील का? दुपारी दोनदा फोन करायची. हे म्हणायचे, आहेत हातमोजे, आहेत. एका अंगठ्यावर आमचं घरदार टांगलेलं आणि तो अंगठा मला दिवसभर दिसत नव्हता.

ठसे येतात की नाही हे बघायची युक्ती लेकीने काढली. तिचा फोन बोट टेकवलं की उघडतो. ह्यांचं बोट फोनने आजवर कधी ओळखलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी ह्यांचा अंगठा फोनमध्ये नोंदवून बघायची. नोंद होत नव्हती. होत नव्हती. दहाव्या संध्याकाळी झाली, आणि पुन्हा टेकवला तर फोन उघडला. लेकीने त्यांना पाच वेळा उघडायला लावला. मी भांड्यांच्या कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले. ह्यांनी अंगठा दिव्याकडे धरला आणि म्हणाले, "आलं की." अंगावर पुरळ उठल्यावर माणूस म्हणेल तसं म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन दिवस फोन उघडला. तेराव्या दिवशी उघडला नाही. चौदाव्याही नाही. लेक म्हणाली, मलमामुळे असेल. मी मलम बदललं, हातमोजे उकळत्या पाण्यातून काढले, जेवताना पाण्याचा पेला मीच ह्यांच्या हातात द्यायला लागले. फोन काही उघडेना. अर्जवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, वय झालं की असं होतं. हे शेहेचाळीस वर्षांचे आहेत. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली, आणि राग काढायचा कोणावर तर कातडीवर.

अठराव्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाची पँट चार बोटं जास्त कापली. बारा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, आज घरी जा. भर दुपारी मी घरी आले. हे घरात नव्हते, फेरीला गेले असणार. मी चहा ठेवला आणि टेबलापाशी बसले. मलमाच्या डबीचं झाकण माझ्या कोपराने उडालं आणि टेबलाखाली गेलं. मी वाकले.

आमचं जेवायचं टेबल जुन्या बाजारातून आणलेलं आहे. वरून ठीक, पण खालून कच्चं लाकूड, कुसळं, सरसाचे ओघळ, आणि दुकानदाराने खडूने टाकलेला नंबर. मी कितीदा तरी त्याखाली केर काढलाय, मला ते पाठ आहे. आता खडू नव्हता, ओघळ नव्हते, कुसळ तर औषधाला नव्हतं. मी हात लावला. इतकं गुळगुळीत लाकूड मी वरच्या बाजूलाही पाहिलं नव्हतं. मग मी जमिनीवर बसून चारही खुर्च्या उलट्या केल्या. चारही बैठका खालून तशाच. लेकीच्या पुस्तकांच्या फळ्या खालून, आमच्या पलंगाच्या आतल्या पट्ट्या. जिथे म्हणून कोणाची नजर जात नाही ते सगळं घासून झालं होतं. मोज्यांच्या खणात, हिवाळी मोज्यांच्या आत, पॉलिश पेपरच्या घड्या सापडल्या, बारीक नंबरच्या, वापरून कापडासारख्या मऊ झालेल्या.

हे आले तेव्हा खुर्च्या उलट्याच होत्या. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजे काढून ठेवले. आता कशाला घालायचे म्हणून असेल.

मला वाटलं होतं मी घर डोक्यावर घेईन. पण मी एवढंच विचारलं, कधीपासून. म्हणाले, फोन उघडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी म्हटलं, हात शिवशिवतात हे मला समजतं, पण उरलेले चौदा दिवस कळ काढता आली नाही?

"हातांचं नाही ते," हे म्हणाले. "मला तो परवाना नको आहे."

 त्यांनी एक खुर्ची सरळ केली आणि बसले. अठरा दिवसांत पहिल्यांदा बसले.

"परवाना मिळाला की दोन वर्षांची सोय झाली. मग दादा म्हणेल राहा, आणि मी राहीन. त्याला मी आजपर्यंत कधी नाही म्हटलेलं नाही. इकडे आलो तेव्हासुद्धा नाही म्हटलं नव्हतं, तीन वर्षांत येतो म्हटलं होतं."

"आणि परवाना नसला तर?"

"तर अकराव्या महिन्यात निघावंच लागतं. मी सांगेन, कायदाच तसा आहे. कायद्यापुढे दादा काही बोलायचा नाही."

म्हणजे माझा नवरा पळून जायला नाही, परत यायला बोटं घासत होता. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. दीड वर्षाचं ताईंना कबूल करून बसलेला माणूस, टेबलाखाली शिरून कायद्याची वाट बघत होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तू म्हणाली असतीस, दादांना स्पष्ट सांगा.

म्हणाले असते. पण खरं सांगायचं तर, कुठल्या तोंडाने? चौदा वर्षं मीच काय केलं होतं? ताईंच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा मीच फोनवर म्हटलं होतं, कार्डाचं काम चालू आहे, आत्ता देश सोडता येत नाही. काम चालू नव्हतं. मला नवी नोकरी लागली होती आणि रजा मागायची नव्हती. दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही कार्डच पुढे केलं. कार्डाने आम्हाला इथे राहायला दिलं ते दिलंच, वर नाही म्हणायचे कष्टही वाचवले. तिकडची माणसं साधी, सरकारी काम म्हटलं की गप्प बसायची. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि हाताने खुर्चीची खालची कड चाचपत राहिले. मी तो हात धरून वर ठेवला.

उरलेल्या सहा दिवसांत ह्यांनी आपणहून हातमोजे घातले. मी आठवण केली नाही. पण सहा दिवसांत काय उगवणार? लेकीचा फोन शेवटपर्यंत बंदच राहिला. रोज संध्याकाळी अंगठा टेकवताना मला आता दोन्ही गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही नको होत्या. ठसे आले तर ह्यांच्या हातात परवाना आणि तोंडात नाही म्हणायला काही नाही. नाही आले तर तिकडे गेल्यावर दादांची तब्येत बिघडली, निघायला एक महिना उशीर झाला, की कार्ड गेलं. 

चोविसाव्या दिवशी कचेरीत तीच मुलगी, तीच हिरवी काच. दहा डाग. ती उठून आत गेली आणि एका वयस्क साहेबांना घेऊन आली. माझी पाचावर धारण बसली. साहेबांनी ह्यांचे हात उलटेसुलटे करून बघितले, मग दोन कागद काढले, एकावर लिहिलं की दोनदा प्रयत्न करूनही ठसे मिळत नाहीत, दुसरा पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, जो आमच्या जुन्या फायलीत होताच. दोन्हींवर शिक्का मारला. म्हणाले, परवाना मंजूर होईल, पोस्टाने घरी येईल, तुम्ही खुशाल निघा. मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, गवंडी येतात, भांडी घासणारे येतात, सगळ्यांचं असंच करतो. अर्जवाल्या बाईंना हे माहीत नव्हतं, आणि आम्ही चोवीस दिवस एकमेकांचा जीव खाल्ला होता.

बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, आता कायदाही गेला. मी म्हटलं, गेला.  तिसऱ्या थांब्यावर ते म्हणाले, घरी गेल्यावर ताईला फोन लावून दे, मला दादाशी बोलायचंय.

घरी आल्यावर हे कपडेही न बदलता येरझाऱ्या घालायला लागले. लेक शाळेतून आली होती, तीही दारात उभी राहिली. मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. माझा ह्यांच्यावर तेवढा विश्वास नव्हता. ताई म्हणाल्या, दादा फोनवर येत नाहीत रे, तुला माहितेय. हे म्हणाले, बोलू नको म्हणावं, नुसता कानाला लाव. तिकडे काहीतरी सरकलं, मग जड श्वास ऐकू यायला लागला.

"दादा, मी सोमवारी येतोय," हे म्हणाले. "मला दोन वर्षांचा परवाना मिळतोय. पण मी दोन वर्षं राहणार नाही. दहा महिने राहीन. जास्त राहता येत नाही म्हणून नाही, माझी पोरगी इथे आहे, घर इथे आहे, म्हणून. दहा महिन्यांनी मी परत जाणार. पुढचं आपण ताई धरून तिघं बसून ठरवू."

बोलून झाल्यावर ते येरझाऱ्या घालायचे थांबले. तिकडे नुसता श्वास. मला वाटलं, आपण हे फोनवर करायला नको होतं. लेकीने माझं मनगट धरलं.

मग दादांचा आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. शब्द मधेच अडत होते.

"दहा... महिने?"

"हो दादा. जास्त नाही जमणार."

पुन्हा श्वास. "मी... पंधरा दिवस... धरले होते."

 हे उभे होते तिथेच खाली बसले, जमिनीवर. फोन माझ्या हातात राहिला. तिकडे दादा आता ताईंशी बोलायला लागले होते, आणि इतकं अडखळत असूनही त्यांना थांबवत नव्हतं. ताईंना सांगत होते, कपाटाचा... खण... रिकामा कर. दोन खण कर. दहा महिन्यांचे... कपडे आणेल तो.